अटलांटिकच्या कडेनं तीन दिवस

लोणावळ्यात माझ्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडी एक शब्द दिवसातून शंभर वेळा येतो. पॉइंट. "पॉइंट करायचेत का साहेब?" पॉइंट म्हणजे जिथं रस्ता संपतो, पुढं दरी असते आणि लोक दरीकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढतात ती जागा. पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी लोकांना पॉइंट दाखवले. नागफणी, टायगर पॉइंट, राजमाची पॉइंट, आणि कुणी सवडीनं आलं असेल तर पवना धरणाच्या पाण्याच्या कडेनं तुंग-तिकोन्याकडं जाणारा रस्ता. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं. सोळाव्या मिनिटाला मी हॉर्न वाजवायचो. पहिली पाच मिनिटं लोक बघतात, पुढची पाच फोटो काढतात आणि शेवटची पाच एकमेकांवर चिडतात. त्याहून जास्त निसर्ग कुणाला सोसत नाही, असं माझं मत होतं. मी स्वतः गाडीकडं तोंड करून उभा राहायचो, कारण दरी कुठं जाणार नव्हती, गाडीचा आरसा जाऊ शकत होता.

मला कुणी काही दिलेलं नाही. दुसऱ्याची गाडी चालवत सुरुवात केली, मग एक जुनी जीप, मग दोन, आणि आज माझ्या पाच गाड्या रस्त्यावर आहेत. हे सगळं मी भाव करून मिळवलं. भाव करायची आमच्याकडं एक रीत आहे आणि ती ज्याला जमली तो उपाशी राहत नाही. मी जो आकडा सांगतो तो खरा नसतो, हे समोरच्याला ठाऊक असतं. तो जो सांगतो तोही खरा नसतो. मग दोघांपैकी एकजण पाठ फिरवून चालायला लागतो. ज्याची गरज मोठी, तो मागून हाक मारतो. बास, एवढंच आहे. मी आयुष्यात बहुतेक वेळा पाठ फिरवणारा होतो. गाडी घेताना, जागा घेताना, मुंबईच्या पार्टीशी वर्षाचं बोलणं करताना. लग्नाच्या बैठकीत मानपानावरून ताणलं गेलं तेव्हा मी उठून बाहेर चपला घातल्या होत्या. सासऱ्यांनी हाक मारली. बायको अजून म्हणते, "आबांनी त्या दिवशी गप बसायला पायजे हुतं."

आम्हाला एकच मुलगी. तिला नर्सिंग शिकायचं होतं. पुण्याच्या कॉलेजात तिला घालण्यासाठी मी दुसरी जीप विकली, हे मी इथं लिहून ठेवतो, कारण तिच्या आईला वाटतं मी ते फार वेळा सांगितलं. ती शिकत असतानाच मी वडगावला, तहसील कचेरीपासून चालत पाच मिनिटांवर, दोन मजली इमारत उभी केली. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. खालचा मजला तिच्यासाठी. तिथं छोटं हॉस्पिटल काढायचं, डॉक्टर पगारावर ठेवायचा, कारभार तिनं बघायचा. डॉक्टर पगारावर मिळतो, विश्वासाचं माणूस मिळत नाही.

आठ वर्षांपूर्वी तिला आयर्लंडला नोकरी लागली. तिनं ते मला विचारलं नाही, सांगितलं. मी आधी समजावलं, मग ओरडलो आणि शेवटी म्हणालो, "गेलीस तर या घराचा उंबरा विसर." एवढं बोलून मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. आत दोघींचं काही बोलणं चाललं होतं. मी बसून राहिलो. ती बाहेर आली ती चार दिवसांनी, बॅग घेऊन. माझ्याच एका गाडीतून, माझ्याच ड्रायव्हरबरोबर ती विमानतळावर गेली. जाताना पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

त्यानंतर सहा वर्षं ती आली नाही. आईला रोज फोन करायची. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायचो. तिकडं ऊन पडलं की इकडं आमच्या घरात आनंद व्हायचा. दोन वर्षांपूर्वी तिनं आम्हा दोघांना यायचं पत्र पाठवलं, व्हिसाला लागतं ते. मी तीन वेळा नाही म्हणालो. चौथ्यांदा बायको म्हणाली, "बरं, मी एकली जाते." तेव्हा मी हो म्हणालो. मला तिला परत आणायचं होतं. दुसऱ्या कशासाठीही मी त्या विमानात बसलो नव्हतो. फोनवर भाव ठरत नाही, समोरासमोर बसलं की ठरतो, असा माझा अनुभव होता.

ती राहते ते गाव त्या देशाच्या पश्चिम टोकाला आहे. हॉस्पिटल, एक मोठा रस्ता, चर्च, आणि मागं अटलांटिक महासागर. तिचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, खिडकीत मेथीची कुंडी. आम्ही गेलो तेव्हा मे महिना होता. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. "चला, तुम्हाला रस्ता दाखवते," ती म्हणाली.

समुद्राच्या काठानं एक रस्ता जातो. आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात, त्यामुळं मला सगळं कळत होतं आणि कळत होतं म्हणूनच बसवत नव्हतं. रस्ता एका गाडीपुरता, मधोमध गवत उगवलेलं. दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेले बांध, ना चुना ना माती. बांधाच्या पलीकडं मेंढ्या, त्यांच्या पाठीवर निळा नाहीतर लाल रंग फासलेला. आणि बांध संपला की एकदम काहीच नाही, थेट खाली पाणी. लेक गाडी चालवतेय आणि मी शेजारी बसलोय, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं आणि माझा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता. तिथं ब्रेक नव्हता.

ती गाडी इतकी सावकाश चालवत होती की मला घाम फुटला.

"जरा दाब की. मागं गाडी आलीय."

"येऊ दे. जागा आली की देईन त्याला."

"तो हॉर्न कसा वाजवत नाही?"

"इथं नाही वाजवत."

"मग त्याला घाई आहे हे कळायचं कसं?"

"नसेल घाई, आप्पा."

पुढं रस्ता जरा रुंद झाला तिथं तिनं गाडी बाजूला घेतली. मागचा पुढं गेला आणि जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. तिनंही केलं.

"ओळखीचा का?"

"नाही."

"मग?"

"असंच. रस्ता दिला म्हणून."

मागं बसलेली बायको खिडकीला नाक लावून होती. ती बेडशाची, लेण्यांच्या खालच्या गावातली. डोंगर बघून ती म्हणाली, "आमच्या बेडशावानीच हाय गं. फकस्त खाली भात न्हाई, पानी हाय."

एका ठिकाणी आम्ही उतरलो. आमच्या भाषेत पॉइंट. पण तिथं कणीसवाला नाही, भजीची गाडी नाही, घोडेवाला नाही, पाटीसुद्धा नाही. एक लाकडी बाक आणि वारा. खाली काळे खडक होते, त्यांच्यावर तपकिरी शेवाळ केसांसारखं लोंबत होतं. पाणी येऊन आपटायचं, मागं जायचं, पुन्हा आपटायचं. रागानं नाही, कामावर असल्यासारखं. बायको बाकावर बसली, थर्मासमधला चहा घेतला आणि बघत बसली. पंधरा मिनिटं झाली. मी म्हणालो, "चला." कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, "चला की. बघून झालं."

"आप्पा," लेक म्हणाली, "आम्ही गिऱ्हाईक नाही."

बायको खो खो हसली. मीही हसलो. त्या दिवशी खरं तर सगळं बरं चाललं होतं. मी विषय काढलाच नाही. जी वस्तू हवी असते तिच्याकडं पहिल्या दिवशी बघायचं नसतं.

दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात झाली, तिच्या पुढच्या सुट्टीला. त्या दिवशी पाऊस होता, पण तिथला पाऊस आपल्यासारखा वरून पडत नाही, आडवा येतो आणि कानात शिरतो. रस्त्यावरच्या एका गावात लोकरीच्या टोप्यांचं दुकान होतं. म्हातारी बाई स्वतः विणत बसली होती. मला एक टोपी आवडली. मी किंमत विचारली, तोंड वाकडं केलं, अर्धी सांगितली. लेकीनं माझा शर्ट ओढला. "आप्पा, इथं नाही करत." म्हातारी हसून काही बोलली. मी टोपी ठेवली आणि दाराकडं चालायला लागलो. दार उघडलं. बाहेर आलो. रस्ता ओलांडून गाडीपाशी आलो. मागून आवाज आला तो एवढाच की म्हातारीनं हात हलवून निरोप दिला, मनापासून, पाहुण्याला देतात तसा.

थोड्या वेळानं लेक आली. तिच्या हातात टोपी होती, पूर्ण किमतीत घेतलेली.

"भाव मोडलास माझा," मी म्हणालो.

"घाला. कान लाल झालेत."

मी ती घातली नाही. गाडीत बायको म्हणाली, "त्या बाईला काय ठावं, तुमी हाकंची वाट बघताय ते?" आणि दोघी मायलेकी पुढचे तीन-चार किलोमीटर हसत होत्या. मला हसू आलं नाही. पण त्यांना हसताना बघून मला वाटलं, ही नरमलीय. आता बोलायला हरकत नाही.

मी सरळ बोललो नाही. वडगावात एक दवाखाना बंद पडल्याचं सांगितलं. आता सगळ्यांना तळेगावला नाहीतर सोमाटण्याला पळावं लागतं, बाळंतपणाच्या बायकांचे हाल होतात, असं म्हणालो. खरंच होतं ते.

ती म्हणाली, "खालचा मजला अजून रिकामाच का?"

"भाडेकरू रांग लावून आहेत."

"मग द्या की, आप्पा."

"बघू," मी म्हणालो आणि मनात खूश झालो. वस्तूची चौकशी तिनं आपणहून केली होती. जो चौकशी करतो त्याला घ्यायचं असतं, हा माझा नियम. आज कळतं की ती मला त्या मजल्यातून सोडवायला बघत होती. मी ते उलटं धरलं.

तिसरी फेरी. त्या दिवशी तिनं सकाळी केस धुतले, इस्त्रीचा ड्रेस घातला. आदल्या दिवशी बायकोनं बेसनाचे लाडू वळले होते, ते स्टीलच्या डब्यात भरून घेतले. "संध्याकाळी एका ठिकाणी चहाला जायचंय," लेक म्हणाली. "रस्ता लांबचा आहे, पण सगळ्यात बघण्यासारखा तोच आहे. घाई करायची नाही हां आप्पा." मला वाटलं, हॉस्पिटलातली कुणी मैत्रीण असेल. मी जास्त विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच, की रस्ता लांबचा आहे म्हणजे बोलायला वेळ आहे.

आकाश उघडं होतं. रस्ता एका डोंगराला वळसे घालत वर जात होता, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, आपल्या घाटात दरी असते तसा. मी बोलायला सुरुवात केली. इमारत तिच्या नावावर करतो म्हणालो. दोन गाड्या हॉस्पिटलकडं देतो, पेशंट आणायला. तिच्या लग्नाचं मी नाव काढणार नाही. ती म्हणेल तो डॉक्टर. माझ्याकडं होतं ते सगळं मी एका दमात समोर ठेवलं. असं मी कुणापुढंही कधी ठेवलेलं नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाही आप्पा. माझं सगळं इथं आहे."

"काय आहे इथं? भाड्याच्या दोन खोल्या आणि पाऊस. पाऊस तर लोणावळ्यातही आहे."

ती हसली. तेवढंच हसणं माझ्या डोक्यात गेलं.

"मी जीप विकली तुझ्यासाठी."

"माहितीय. कॉलेजात दर महिन्याला फोनवर सांगत होता."

"आणि तू सहा वर्षं उंबरा ओलांडला नाहीस."

"तुम्हीच म्हणाला होतात, विसर."

"तोंडातून गेलं ते! बापाचं बोलणं असं धरून ठेवतात का?"

"अवो, हळू," मागून बायको म्हणाली. "रस्ता कसला हाय बघा तरी."

लेकीनं गाडी बाजूला घेतली, वाट द्यायला केलेली जागा असते तिथं, आणि इंजिन बंद केलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आप्पा, तुम्ही ते खरं बोलत नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तुमच्या गाडीत वाढलेय. तुम्ही ओट्यावर जाऊन बसलात आणि मी खिडकीतनं बघत होते. मी हाक मारावी म्हणून बसला होतात."

मी म्हणालो, "मग का नाही मारलीस?"

"मारली असती तर आज वडगावात असते."

भाव हातातनं सुटायला लागला की मी काय करतो ते मी वर सांगितलंच आहे. मी म्हणालो, "ठीक आहे. तिकीट बदल. उद्याच्या उद्या जातो आम्ही." दार उघडलं, उतरलो, जोरात लावलं आणि आल्या वाटेनं चालायला लागलो.

वारा तोंडावर येत होता. डाव्या बाजूला कड्यावरून बारीक पाणी झिरपत होतं. मी हात मागं बांधून चाललो, घाई नाही अशा चालीनं, कारण फार भरभर चाललं तर समोरच्याला हाक मारायला सवड मिळत नाही. हे शहाणपण मला तेव्हाही सुचत होतं. वळणापाशी पोचलो. दोन मेंढ्या रस्त्यात बसल्या होत्या, उठल्या नाहीत. मी त्यांना वळसा घातला. मागून काही येईना. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी मनात म्हणालो, आली.

गाडी वळून माझ्या शेजारी आली आणि माझ्या चालीनं चालू लागली. काच खाली झाली. तिनं गाडी थांबवली. हातात फोन होता.

"उद्याचं नाहीये, आप्पा," ती म्हणाली. "परवा सकाळचं आहे. एकाचं करू की दोघांचं?"

तिचे डोळे लाल होते, पण बोट फोनवर होतं आणि ते हलत नव्हतं. पेशंटला सुई द्यायची असते तेव्हा तिचा हात असाच स्थिर राहत असेल.

मी बोलायच्या आत मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "एकाचं."

बायकोनं तीस-पस्तीस वर्षांत माझ्यासमोर कधी भाव सांगितला नव्हता.

मी गाडीत बसलो. लेकीनं गाडी तशीच घराकडं घेतली. चहाला कुणी बोलावलं होतं त्याबद्दल कुणी अक्षर बोललं नाही. तिनं एकदा गाडी थांबवून, बाहेर जाऊन, वाऱ्यात पाठमोरी उभं राहून कुणाला तरी फोन केला. परत येताना ऊन पडलं होतं. समुद्र लांबवर पांढरा चमकत होता, मधेच एखादं बेट, त्यावर एकच घर. मला काही दिसलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला सगळं दिसलं. लोकांना पॉइंट दाखवण्यात आयुष्य गेलं, पण एवढं नीट मी कधी काही पाहिलं नव्हतं, आणि बघताना मला फक्त राग येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला विमानतळाच्या बसला सोडलं. पासपोर्ट तपासला, रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, खाली वाकून पाया पडली. "पोचलात की आईला फोन करा," म्हणाली. आईला.

इकडं आल्यावर दोन महिने मी एकटा होतो. स्टँडवर लोक विचारायचे, "काय भाऊ, लौकर आलात? परदेश मानवला न्हाई व्हय?" मी सांगायचो, धंदा सोडून किती दिवस राहणार. एका दुपारी मी स्वतः गाडी काढली आणि पवनेच्या पाण्याकडं निघालो, सोबत कुणी नाही. वाटेत माझाच एक ड्रायव्हर समोरून आला आणि त्यानं काच खाली केली.

"भाऊ, पार्टी कुटंय?"

"मीच पार्टी."

तो हसत निघून गेला. मी धरणाच्या कडेला जाऊन बसलो. समोर तंबूंच्या रांगा होत्या, कुठंतरी गाणी लागली होती, पलीकडं तिकोना ढगात अर्धा गेला होता. चांगली जागा आहे ती, मी किती लोकांना तिथं नेलंय. मी तिथं बसून मनातल्या मनात लेकीशी पुन्हा भांडलो. प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडं आता उत्तर होतं. मग गाडी लावायचे पैसे मागायला एकजण आला आणि मी त्याच्याशी खरंखुरं भांडलो, तेवढंच बरं वाटलं.

बायकोचा व्हिसा संपला तेव्हा मी तिला आणायला मुंबईला गेलो. ती मागं बसली. खंडाळ्याचा बोगदा येईपर्यंत तिनं विमानातल्या जेवणाशिवाय काही सांगितलं नाही. मग म्हणाली, "पोरीनं जोडीदार बघितलाय."

"कुठला?"

"तितलाच. शाळंत शिकवतो. गरीब हाय स्वभावानं. माज्या हातचे लाडू लय आवडले त्याला."

"कधीपासून?"

"चार वर्सं झाली."

मी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली. मागून ट्रक हॉर्न मारत पुढं गेले.

"त्या दिवशी त्याच्याकडंच चाललो हुतो," ती म्हणाली. "चहाला. त्याचं घर त्या रस्त्याच्या शेवटाला हाय, पार समुद्रावर. त्याची आई आलती बसनं, तुमाला भेटाया. टेबल मांडून बसलीवती बिचारी. आपुन आलो न्हाई म्हनून समदं तसंच झाकून ठेवलं तिनं."

"मला सांगायचं नाही आधी?"

"तिला तितं पोचल्यावर सांगायचं हुतं. रस्त्यानं तुमाला बरं वाटंल, मन निवंल, मग सांगीन म्हनली. म्हनून तर लांबचा रस्ता घेतला."

माझा लेकीवर राग आहे आणि तो जाणार नाही. सगळा जन्म तिनं माझा धंदा पाहिला, मी कशासाठी पाठ फिरवतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि दोन्ही वेळेला ती गप्प राहिली. एक शब्द बोलली असती तर तिचं काय गेलं असतं? पण तो रस्ता आठवतो आणि मला हेही कळतं की ती सबंध दिवस मला तिच्या शब्दापर्यंतच घेऊन चालली होती, तीस किलोमीटरच्या वेगानं. मध्येच उतरलो तो मी.

आता तिचं लग्न ठरलंय. या महिन्यातच आहे, तिकडंच, कचेरीत सही करून. पत्र आलं ते आईच्या नावानं आलं. माझ्याबद्दल तिनं फोनवर विचारलं, म्हणजे आईला विचारलं. मी शेजारच्या खोलीत होतो. बायको फोन हातात धरून दारात आली.

"पोरगी विचारती, तुमी येताय का? येनार असाल तर तुमचं बी पत्र धाडते म्हनती."

मला जायचं होतं. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण दुसरीकडं कुठं सांगितलेलं नाही. मी वर न बघता म्हणालो, "मला वेळ नाही. सीझन आहे."

मला वाटलं बायको म्हणेल, अवो चला की. किंवा फोनमधून आवाज येईल. बायकोनं मला एकदा नीट पाहिलं आणि फोन तोंडाशी नेला.

"त्यास्नी येळ न्हाई म्हनत्यात."

तिकडून "बरं" आलं. मग दोघी साडीच्या रंगावर बोलायला लागल्या.

ही गोष्ट दीड महिन्यापूर्वीची. बायकोचं विमान येत्या मंगळवारी आहे. अजून कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. पण व्हिसाला महिना लागतो, तो भाव करून कमी होत नाही.